गळू न देणारी डबी

पुणतांब्याच्या माणसाला कोऱ्या कागदाची गोष्ट सांगायला जाऊ नये. ती त्याच्याच गावची आहे. गोदाकाठी ज्यांची समाधी आहे त्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, हे काही ठरेना. शेवटी त्यांनी कागद तसाच, कोरा धाडला. चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाल्याचं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं. तेच ‘चांगदेव पासष्टी’.

कोऱ्या कागदाला उत्तर मिळायचे दिवस पुढे राहिले नाहीत. सातबारा, आठ-अ, पीकविम्याची पावती, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधारची रंगीत प्रत, कर्जाच्या फायलीला जोडायचे दोन फोटो, सगळं छापून लागतं. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून ऑनलाइन मिळू लागला. पंधरा रुपये भरले की मोबाइलवर येतो. पण टेबलापलीकडचा माणूस मोबाइलकडे बघतही नाही. ‘प्रिंट काढून आणा’ एवढंच म्हणतो.

या गावाला तर छापील कागदाचा मोठा हंगाम माहीत आहे. ३ एप्रिल २०१७ ला पुणतांब्याच्या ग्रामसभेने ठराव केला आणि १ जूनपासून शेतकरी संपावर गेले. शहरांकडे जाणारं दूध आणि भाजीपाला रोखून धरायचा, एवढाच त्या संपाचा मुख्य डाव होता. गावाचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. २४ जूनला सरकारने सुमारे ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली आणि मग सगळं प्रकरण आपले सरकार सेवा केंद्राच्या दारात आलं, कारण अर्ज ऑनलाइन भरायचा होता. गावोगावी रांगा लागल्या, सर्व्हर बसला, पुन्हा उठला. आंदोलन रस्त्यावर झालं, पण त्याचा शेवट प्रिंटरमधून निघालेल्या पोचपावतीपाशी झाला. ती पावती कित्येक घरांत अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली असेल.

अशा कुठल्याही केंद्रात टेबलावर बहुधा दोन यंत्रं असतात. काळ्या कामाला लेझर. तिच्यात शाई नसते, पूड असते. तिची गोष्ट वेगळी. शेजारी रंगीत कामाला इंकजेट. पासपोर्ट फोटो तिच्यावर निघतो, प्लास्टिकच्या ड्रॅगन शीटवरचं आधार कार्ड निघतं, लग्नपत्रिकेचा नमुना आणि शाळेच्या प्रकल्पाची चित्रंही निघतात. हा लेख त्या दुसऱ्या यंत्राबद्दल आहे. त्यातही यंत्राच्या पोटातल्या डबीबद्दल, जिला आपण कार्ट्रिज म्हणतो.

इंकजेट म्हटलं की शाईचा फवारा डोळ्यांपुढे येतो आणि यंत्राची सगळी करामत शाई फेकण्यात आहे असं वाटतं. खरी करामत नेमकी उलट आहे. कार्ट्रिज हातात घेऊन तळ बघा. तिथे सोनेरी-करडी पट्टी दिसते. तिच्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारी शेकडो भोकं आहेत. त्यांना ना झाकण, ना झडप. वर शाई भरलेली आणि खाली उघडी भोकं. मग ती टपकत का नाही? इंजिनिअरांची वर्षं खर्ची पडली ती या प्रश्नापायी. थेंब मागितल्यावर द्यायचा हे त्या मानाने लवकर जमलं. न मागता द्यायचा नाही, हे अवघड होतं.

उत्तर असं, की डबीतली शाई कायम आतल्या बाजूला किंचित ओढलेली ठेवायची. पुस्तकी भाषेत हा ऋण दाब. म्हणजे भोकापाशी शाईचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जरासा कमी. किती कमी? पाण्याचा पाच-दहा सेंटिमीटर उंचीचा स्तंभ जेवढा दाब देतो, साधारण तेवढाच. ही ओढ फार झाली तर भोकातून हवा आत शिरते आणि छपाई थांबते. वीस मायक्रॉन व्यासाच्या भोकात शाईचा पृष्ठताण किती तग धरेल याचा हिशेब केला तर तो सुमारे सत्तर सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा येतो. त्यापलीकडे ओढलं की हवा घुसली. ओढ संपली तर शाई भोकाबाहेर फुगते, पट्टीवर पसरते आणि शेवटी कागदावर डाग पडतो. ही दोन टोकं सांभाळत, डबी भरलेली असो की तळाला आलेली, ओढ सारखी ठेवायची.

सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे स्पंज. कार्ट्रिज फोडून पाहिली तर आत दाबून बसवलेला स्पंज सापडतो. त्याच्या बारीक छिद्रांत शाई केशाकर्षणाने अडकून राहते आणि तीच ओढ तिला खाली पडू देत नाही. यात नवं फार थोडं आहे. बोरूने लिहिणारे कारकून दौतीत चिंधी किंवा कापसाचा बोळा घालून ठेवायचे. दौत कलंडली तरी शाई सांडत नसे आणि बोरूला लागायची तेवढीच लागायची. काजळाची शाई पिऊन बसलेली ती चिंधी आणि कार्ट्रिजमधला पॉलियुरेथेनचा स्पंज एकाच नियमाने चालतात.

स्पंजला दोन खोडी आहेत. तो स्वतःच जागा खातो आणि शेवटची शाई सोडत नाही. ‘संपली’ म्हणून फेकलेल्या डबीत स्पंज अजून ओला असतो, तो यामुळे. यावर कॅननने एक सुंदर तोड काढली. डबीचे दोन कप्पे केले. एकात स्पंज आणि वर हवेला भोक, दुसऱ्यात नुसती मोकळी शाई आणि वरून पूर्ण बंद. दोन्हींना जोडणारी वाट अगदी तळाशी. छापताना आधी स्पंजमधली शाई उतरते. ती त्या वाटेपर्यंत खाली आली की हवेचा एक बुडबुडा वाटेने पलीकडच्या बंद कप्प्यात शिरतो आणि तेवढीच शाई स्पंजमध्ये येते. पुन्हा छपाई, पुन्हा बुडबुडा. ना मोटर, ना सेन्सर. शाई आपल्याच वजनाने आणि हवा आपल्याच गरजेने जागा बदलते. मला विचाराल तर अख्ख्या प्रिंटरमध्ये याहून देखणा भाग नाही.

हवा आत गेल्याशिवाय शाई बाहेर येत नाही, ही गोष्ट फाउंटन पेनने शंभर वर्षं आधीच सोडवली होती. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनला पेनचं पेटंट मिळालं १८८४ मध्ये. त्याच्या निबेखालच्या पट्टीत बारीक खाचा होत्या. त्यांतून शाई खाली आणि हवा वर, असा जाण्यायेण्याचा मार्ग होता. बरोबर शंभर वर्षांनी, १९८४ मध्ये, ह्यूलेट-पॅकार्डचा ‘थिंकजेट’ बाजारात आला. संपली की भोकांसकट फेकून द्यायची शाईची डबी लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती याच यंत्रात. किंमत ४९५ डॉलर आणि भोकं फक्त बारा. त्या पहिल्या डबीत स्पंज नव्हता, रबरी पिशवी होती. पिशवी चपटी होताना परत फुगू पाहते, तीच तिची ओढ. पुढे याच कंपनीने पिशवीच्या आत स्प्रिंग बसवली. त्यांची ४५ नंबरची काळी कार्ट्रिज या जातीची. तिच्यात ४२ मिलिलीटर शाई आणि तीनशे भोकं. घरगुती प्रिंटरमधून ती कधीच गेली, पण खोक्यांवर एमआरपी आणि बॅच नंबर मारणाऱ्या छोट्या यंत्रांत अजून तगून आहे. लोणच्या-पापडाच्या बारक्या कारखान्यांत तारखेची ठिपक्याठिपक्यांची ओळ दिसली, तर तिच्यामागे अशीच एखादी डबी असण्याचा बराच संभव आहे.

शाई आणि मराठी माणूस यांचं नातं आणखी एका ठिकाणी जुळतं. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा उद्योग काढला तो ‘हॉर्स’ छापाच्या पुड्या आणि वड्यांनी. पाण्यात वडी टाका, शाई तयार. पुढे त्याचंच ‘कॅमल’ आणि ‘कॅमलिन’ झालं. पाणी वाहून न्यायचं कशाला, गिऱ्हाइकाच्या घरी पाणी असतंच, असा तो सरळ हिशेब होता. कार्ट्रिजमधल्या शाईतही बहुतांश पाणीच असतं. पण ती वडीच्या रूपात कुणी विकणार नाही. तिच्यातल्या पाण्याशिवायच्या गोष्टी फार काटेकोर आहेत. भोकाच्या तोंडाशी लगेच सुकू नये म्हणून ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन, पृष्ठताण हवा तेवढा उतरवायला साबणाच्या जातीचं द्रव्य, बुरशी येऊ नये म्हणून औषध, आणि मग रंग. रंगही दोन तऱ्हांचा. ‘डाय’ पाण्यात पूर्ण विरघळतो. फोटोत झळकतो, पण कागदावर पावसाचे चार थेंब पडले की ओघळतो. ‘पिगमेंट’ म्हणजे पाण्यात तरंगणारे घन कण, काळ्या शाईत बहुधा कार्बनचे, म्हणजे पुन्हा काजळच. हे कण मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे दळलेले असतात. ते कागदाच्या धाग्यांत बसतात आणि पाण्याला सहसा दाद देत नाहीत. खिशातल्या कागदावरचा गट नंबर पहिल्या सरीत पुसला गेला, तर तो डायचा होता असं समजावं.

आता थेंब फेकण्याकडे येऊ. यातल्या कथा मजेदार आहेत. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो काम करत असताना तापलेला सोल्डरिंगचा दांडा शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागला आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने थेंब फेकता येतो हे असं कळलं. जवळपास त्याच सुमारास कॅलिफोर्नियात ह्यूलेट-पॅकार्डचे जॉन वॉट आणि डेव्ह डोनाल्ड त्याच कल्पनेपाशी स्वतंत्रपणे पोचले होते. पुढे दोन्ही कंपन्यांनी भांडत बसण्याऐवजी पेटंटं वाटून घेतली. पुढच्या बाजाराकडे पाहता हा शहाणपणाच म्हणायचा.

घडतं ते असं. प्रत्येक भोकामागे शाईची एक इवलीशी कोठडी. कोठडीच्या भिंतीवर विजेने तापणारा पातळ पत्रा. वीज सोडली की दोन-तीन मायक्रोसेकंदांत पत्रा तीनशे अंशांच्या वर जातो. सगळी शाई उकळत नाही. पत्र्याला टेकलेला, मायक्रॉनहूनही पातळ थर तेवढा क्षणात वाफ होतो. वाफेचा बुडबुडा फुगतो, पुढची शाई भोकाबाहेर लोटतो आणि लगेच विझतो. रिकामी झालेली जागा डबीतून शाई ओढून आपोआप भरते. हे सगळं सेकंदात हजारो वेळा. बुडबुडा विझताना जो धक्का बसतो तो इतका कडक असतो, की पत्र्यावर टँटलमचा संरक्षक थर द्यावा लागतो. शिवाय पत्र्याला गार ठेवण्याचं काम शाईच करते. डबी कोरडी पडल्यावरही छापत राहिलं तर पत्रा जळतो. प्रिंटर शाई असतानाच ‘संपत आली’ म्हणून ओरडायला लागतो, त्यात कंपनीचा स्वार्थ आहे तसं हे कारणही आहे. किती टक्के काय, ते ज्याने त्याने ठरवावं.

एप्सनची वाट वेगळी. तिथे उष्णता नाही. वीज दिली की आकार बदलणारा स्फटिक आहे, पिएझो. तो वाकतो, कोठडी दाबतो, थेंब सुटतो. कागदावर शाई उडवण्याची कल्पना मात्र याहून जुनी. तिच्या सुरुवातीच्या काळात स्वीडनचे रूने एल्मक्विस्ट भेटतात. हृदयाचे ठोके कागदावर उमटवायला त्यांनी शाईच्या झोताचं यंत्र बनवलं, ते साधारण १९५० च्या सुमारास. माणसाच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर, १९५८ चा, तोही त्यांचाच. पिएझोत शाई तापत नाही, म्हणून हेड, म्हणजे भोकांची पट्टी आणि तिच्यामागच्या कोठड्या, टिकतं. म्हणून ते डबीत न बसवता यंत्रात कायमचं बसवतात. उलट, बुडबुड्याच्या जातीत बऱ्याचदा हेडच डबीला चिकटलेलं असतं आणि डबीबरोबर तेही फेकलं जातं. बाजारात डबीची किंमत ऐकून कपाळाला आठ्या पडतात, त्याचं एक कारण इथे आहे. आपण चमचाभर शाईबरोबर शेकडो भोकांचं एक छोटं यंत्रही विकत घेत असतो.

थेंब केवढा? चांगल्या फोटो प्रिंटरचा साधारण चार पिकोलीटर, व्यास वीस मायक्रॉन. माणसाचा केस याच्या तिपटीहून जाड. एका मिलिलीटरमध्ये असे पंचवीस कोटी थेंब निघतात. म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसंख्येला दरडोई एकेक थेंब वाटला तरी मिलिलीटर संपत नाही.

आणि हे सगळं शास्त्र पुणतांब्यात कुठे अडतं? लाईट गेल्यावर. छपाई संपली की हेड सरकत उजव्या कोपऱ्यात जातं आणि तिथल्या रबरी टोपीवर बसतं. भोकं झाकली जातात. छापता छापता वीज गेली तर हेड वाटेतच उभं राहतं, उघडं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठक्क. भोकाच्या तोंडाशी शाईतलं पाणी उडून जातं आणि उरतो चिकट रंग. लाईट आल्यावर पहिली प्रिंट पट्टे मारत येते. ‘हेड चोक झालं.’ इथल्या बागायतदाराला हे समजावायला वेळ लागत नाही. ठिबकची तोटी क्षाराने बंद होते, तसंच हे. तिथे लॅटरलमधून ॲसिड सोडायचं, इथे हेड क्लीनिंगचं बटण दाबायचं. फरक इतकाच, की ठिबकच्या तोटीतून तासाला लिटरने पाणी जातं आणि इथलं भोक केसाहून बारीक. म्हणून शहाणे केंद्रचालक बाकी काही नसलं तरी प्रिंटरला इन्व्हर्टर देतात. संध्याकाळी थेट बोर्डाचं बटण बंद न करता आधी प्रिंटरचं बटण दाबतात, टोपी बसू देतात. सुट्टीच्या दिवसांत अधूनमधून एखादं रंगीत पान उगाच काढतात.

उन्हाळा आणखी एक खोडी करतो. अर्ध्या रिकाम्या डबीत शाईच्या वर हवा असते आणि हवा तापली की फुगते. पहाटेची पंचवीस अंशांची हवा दुपारी बेचाळीसवर गेली तर ती सुमारे सहा टक्क्यांनी वाढते. बंद कप्प्यात दहा मिलिलीटर हवा असेल तर अर्ध्या मिलिलीटरहून जास्त शाई तिला कुठेतरी ढकलायलाच हवी. कुठे? शेजारच्या स्पंजमध्ये. तो कप्पा ओलाकोरडा ठेवलेला असतो तो याचसाठी. संध्याकाळी हवा आक्रसली की शाई परत. स्पंज काठोकाठ भरलेला असेल तर मात्र तिला भोकांशिवाय वाट उरत नाही.

आणि स्पंज काठोकाठ कोण भरतं? रीफिल करणारे. घाईतले रीफिल करणारे, असं म्हणायला हवं; मुरलेला कारागीर तसं करत नाही. वरचं स्टिकर सोलायचं, खालची भोकं सापडतात, सिरिंजची सुई तिरकी न करता सावकाश आत घालायची, शाई थेंबाथेंबाने सोडायची, म्हणजे स्पंजमध्ये हवेचे कप्पे अडकत नाहीत. शाई वर दिसू लागण्याच्या आधीच थांबायचं. पट्टीवर टिश्यू पेपर टेकवून पाहायचा, तिन्ही रंगांचे सरळ ठसे उमटले तर काम झालं. ज्याने ‘अजून थोडी मावते’ म्हणून भरली त्याची ओढ गेली आणि गिऱ्हाइकाच्या टेबलावर निळं तळं झालं. रीफिलचा धंदा शाई भरण्याचा वाटतो. त्यातलं कसब थांबण्यात आहे. नव्या डबीच्या बाबतीत गिऱ्हाइकं याच्या उलट घोळ घालतात. हवेच्या भोकावरची पट्टी काढायची राहून जाते आणि चार पानांनंतर भरलेली डबी रिकाम्यासारखी वागू लागते, कारण हवा आत जायला वाट नसते.

रंगीत डबीचं दुखणं वेगळंच. एका डबीत तीन कप्पे, निळा, गुलाबी, पिवळा. तिन्ही सारखे संपत नाहीत. फोटोवाल्याकडे निळी पार्श्वभूमी असलेले पासपोर्ट फोटो दिवसभर निघाले तर निळा आधी जातो आणि पिवळा भरलेला असूनही डबी निकामी. कुणी म्हणेल, रंग वेगळे का नाही विकत? विकतात, महागड्या यंत्रांत.

पैशाच्या गोष्टीला हात घालायचाच तर नीट घालू. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि शाईवर कमवायचं, हे गणित उघड आहे. छोट्या डबीत शाई चमचा-दीड चमचा. तिच्याहून कमी पैशांत टाकीवाल्या, म्हणजे टँक प्रिंटरची ६५ मिलिलीटरची बाटली येते. शेतकऱ्याला हे गणित ओळखीचं वाटेल. बियाणं दरवर्षी नवं घ्यायचं, हेही त्याच घराण्यातलं. डबीवरची चिप या गणिताची पहारेकरी. ती बहुधा शाई मोजत नाही, उडवलेले थेंब मोजते आणि हिशेबाने ‘संपली’ म्हणते. परकी डबी ओळखून नाकारायचं कामही तिच्याकडेच. १३ सप्टेंबर २०१६ ला ह्यूलेट-पॅकार्डच्या अनेक प्रिंटरांनी जगभर एकदमच दुसऱ्यांच्या डब्या घ्यायचं बंद केलं. आधीच घातलेल्या अपडेटचा तो मुहूर्त होता. ओरड झाली, खटले झाले, इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०२० मध्ये एक कोटी युरो दंड केला. त्याआधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लेक्समार्क कंपनी रीफिलवाल्यांशी भांडत होती. वाद लेझरच्या टोनर डब्यांचा होता, पण मुद्दा सगळ्यांना लागू: एकदा विकलेल्या वस्तूवर पेटंटच्या नावाखाली हक्क सांगता येतो का? न्यायालय म्हणालं, नाही. विकली की हक्क संपला. निकालाची तारीख ३० मे २०१७. दोन दिवसांनी पुणतांब्याचा संप सुरू झाला. दोन्हींचा काही संबंध नाही, पण मालावर सत्ता पिकवणाऱ्याची, विकणाऱ्याची की विकत घेणाऱ्याची, हा प्रश्न त्या आठवड्यात दोन्हीकडे चालू होता.

कंपन्यांना खरी मात दिली ती कोर्टाने नव्हे, दुकानदारांनी. आशियात ठिकठिकाणी त्यांनी प्रिंटरच्या बाहेर बाटल्या बांधल्या, नळ्या आत नेल्या आणि चिप्सना गुंगारा दिला. एप्सनने ते पाहिलं आणि २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकीवाला प्रिंटर काढला. तीच एल मालिका पाठोपाठ भारतात आली आणि आज सेवा केंद्रांच्या टेबलांवर बसली आहे. बाकीच्यांनाही त्याच वाटेने यावं लागलं.

टाकीत स्पंज नाही. मग ओढ कुठून? उंचीतून. टाकी बाजूला, हेडच्या पातळीच्या थोडी खाली बसवलेली असते, म्हणून नळीतली शाई कायम खाली उतरू पाहते आणि भोकापाशी हवी तेवढी ओढ मिळते. इतकं साधं आहे, म्हणूनच इतकं नाजूक आहे. प्रिंटर बिघडला की कोपरगाव किंवा श्रीरामपूरला न्यायचा. कुणीतरी तो मोटरसायकलवर मांडीत उभा धरतो. जुन्या मॉडेलांना प्रवासासाठी नळी बंद करायची कळ असते, ती फिरवायची कुणाला आठवत नाही. टाकी वर, हेड खाली. उंचीचं गणित उलटलं. दुकानात पोचेपर्यंत दुरुस्तीत हेडच्या सफाईची भर पडलेली असते आणि पँट कामातून गेलेली असते.

शेवटी एक हिशेब राहतो, जो गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. प्रत्येक क्लीनिंगला टोपीखालचा पंप भोकांतून शाई ओढून काढतो. ती कागदावर जात नाही, यंत्राच्या तळाशी ठेवलेल्या नमद्यासारख्या जाड पॅडमध्ये जाते. यंत्र तेही मोजतं. पॅड भरल्याचा आकडा आला की लाल दिवे लागतात आणि प्रिंटर ठप्प. मेकॅनिक मग तळ उघडतो, पॅड धुतो किंवा बदलतो, रीसेटर सॉफ्टवेअरने आकडा शून्यावर आणतो आणि त्याचे पैसे घेतो. काही जण पॅडला हात न लावता फक्त आकडा शून्यावर आणतात. त्यांच्या गिऱ्हाइकाच्या टेबलाखाली सहा महिन्यांनी काळा डाग दिसतो. जो रोज छापतो त्याची शाई कागदावर जाते. जो महिन्याला पाच पानं छापतो त्याची बरीचशी शाई हेड मोकळं ठेवण्यात या पॅडमध्ये जाते. म्हणून घरासाठी कोणता प्रिंटर घेऊ, असं विचारायला आलेल्याला केंद्रावरचा अनुभवी माणूस आधी विचारतो, काय छापणार आणि किती. उत्तर ‘पोराचा अभ्यास, अधूनमधून सातबारा’ असं आलं की तो सरळ सांगतो, लेझर घे, आणि फोटो इथेच काढत जा.